मिऱ्याच्या वासाची वाइन

व्हिएन्नाच्या रिंग रस्त्यावरून ३८ नंबरची ट्राम पकडली की ती शेवटी ग्रिंत्सिंगला जाऊन थांबते. तिथून थोडा चढ चढला की माणूस द्राक्षबागेत उभा असतो, आणि तरीही तो व्हिएन्ना शहराच्या हद्दीतच असतो. या शहरात आजही सुमारे ६०० हेक्टर द्राक्षबागा आहेत. युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याही राजधानीत एवढ्या प्रमाणावर वाइन पिकत नाही. या बागांच्या पायथ्याशी जुन्या, बुटक्या घरांची रांग असते. त्यातल्या एखाद्या दारावर पाइनच्या डहाळ्यांची जुडी टांगलेली दिसली, तर आज या घरी घरचीच वाइन मिळणार असं समजावं.

अशा घराला हॉयरिगर म्हणतात. १७ ऑगस्ट १७८४ रोजी सम्राट दुसऱ्या जोसेफने फर्मान काढलं की, ज्याने त्याने आपल्या बागेची वाइन आणि घरचे खाद्यपदार्थ वर्षभरात केव्हाही, हव्या त्या भावाने विकावेत. त्या एका फर्मानाने बागाईतदाराच्या अंगणात गिऱ्हाईक आलं आणि ते अजून उठलेलं नाही. नवी वाइन ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, रीतसर 'यंदाची' ठरते आणि पुढच्या ११ नोव्हेंबरपर्यंत तो मान तिच्याकडे असतो.

हॉयरिगरमध्ये अक्रोडाच्या झाडाखाली लाकडी बाकं असतात. वाइन पाव लिटरच्या, कान असलेल्या जाड काचेच्या पेल्यातून येते. खाणं मात्र आपण उठून आत काउंटरवरून आणायचं. तिथे शहाजिरं लावून भाजलेलं डुकराचं मांस असतं, ते वजनावर कापून देतात. काळ्या पावावर चरबीचा थर आणि वर कच्चा कांदा असतो. व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकड्या असतात. आणि लिप्टाउअर असतं. चक्क्यासारखं ताजं चीज घेऊन त्यात लोणी, पाप्रिका, शहाजिरं, बारीक कांदा घालून ते फेटलेलं असतं. रंग केशरी, चव खारट-आंबट-तिखट. या ताटात लोणी-चरबी आहे, मीठ आहे, कच्चा कांदा आहे, व्हिनेगर आहे. जगातल्या बहुतेक नामांकित पांढऱ्या वाइन्स अशा ताटापुढे हात टेकतील. शेजारच्या पेल्यातली वाइन मात्र टिकते, आणि पुढचा घास मागते. व्हिएन्नात एकाच बागेत अनेक वाणं मिसळून लावण्याची जुनी रीत आहे आणि त्या मिश्र बागेची वाइनही छान लागते. पण ऑस्ट्रियाच्या घराघरांत त्या पेल्यात बहुतेक वेळा असते ती ग्र्यूनर फेल्टलीनर.

ऑस्ट्रियातल्या एकूण द्राक्षबागांपैकी जवळजवळ एक तृतीयांश क्षेत्र या एकट्या वाणाखाली आहे, आणि त्यातलं बहुतेक देशाच्या ईशान्येला, डॅन्यूब नदीच्या दोन्ही अंगांना आहे. सीमेपलीकडे चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण मोरावियात आणि स्लोव्हाकियातही ते पिकतं. या प्रकरणात मी या वाइनच्या ताज्या, हलक्या रूपाबद्दलच मुख्यतः लिहिणार आहे. माझं स्पष्ट मत आहे की हे रूप समजायचं असेल तर तिला ताटाशेजारी ठेवूनच पाहायला हवं. नुसती पेल्यात घेऊन, नाक खुपसून, गुण देऊन तिचा निम्मा स्वभाव कळतच नाही.

तरी आधी पेल्यातलंच पाहू. रंग फिकट, कडेला किंचित हिरवट झाक. पहिला वास हिरव्या सफरचंदाचा आणि लिंबाच्या सालीचा. पेला जरा फिरवला की मुळ्याचा पाला, वाटाण्याची कोवळी शेंग असं काहीतरी बागेतलं वर येतं. आणि मग, बहुतेक वेळा घोट गिळल्यानंतर, जिभेच्या मागच्या बाजूला पांढऱ्या मिऱ्याचा एक हलका चटका राहतो. गोडवा जवळजवळ नाही. आंबटपणा सरळ, स्वच्छ. तुरटपणा असलाच तर नखभर, आणि तोही सालीजवळच्या भागाचा. हलक्या प्रकारात ओकच्या पिंपाचा वास नसतो. ती पोलादी टाक्यांत किंवा मोठ्या जुन्या लाकडी पिंपांत तयार होते, आणि अशी पिंपं वाइनला स्वतःची चव देत नाहीत.

मिऱ्याचा हा वास म्हणजे वर्णनकारांची कल्पना नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शिराझ द्राक्षांतला मिऱ्याचा वास शोधता शोधता २००८ मध्ये त्यामागचं संयुग जाहीर केलं. त्याचं नाव रोटंडोन. आपल्या काळ्या मिरीला मिरीपण देणारं संयुग हेच आहे, ही गोष्ट तेव्हाच पहिल्यांदा नीट कळली. पुढे ग्र्यूनर फेल्टलीनरमध्येही ते सापडलं. हे रोटंडोन रसायनशास्त्राला त्याआधी चार दशकं माहीत होतं, पण ते मिळालं होतं लव्हाळ्याच्या गाठींत. नावही त्याच वनस्पतीवरून पडलं आहे. लव्हाळा म्हणजे शेतात एकदा शिरलं की न हटणारं तण. त्याच्याच कुळातला नागरमोथा आपण दिवाळीच्या उटण्यात घालतो. उटण्याचा वास, मिरपुडीचा वास आणि डॅन्यूबकाठच्या या वाइनचा वास यांच्यात एक समान धागा आहे, आणि तो प्रयोगशाळेत मोजता येतो.

किती मोजायचा? लिटरभर पाण्यात ८ नॅनोग्रॅम रोटंडोन असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. त्या हिशेबाने १ ग्रॅम रोटंडोन साडेबारा कोटी लिटर पाण्याला वास देईल, म्हणजे ऑलिंपिकच्या मापाचे ५० तलाव. त्याच चाचण्यांत आणखी एक गोष्ट दिसली. सुमारे २० टक्के लोकांना, प्रमाण कितीतरी वाढवूनही, हा वास आलाच नाही. त्यामुळे एका टेबलावर चौघांना मिरी जाणवते आणि पाचव्याला नाही, यात कुणाचंच नाक कमी प्रतीचं नाही. ती घडण जन्मजात आहे. रोटंडोन द्राक्षाच्या सालीत साठतं, आणि थंड हवेत, सावकाश पिकलेल्या घडांत जास्त साठतं. म्हणूनच उष्ण वर्षातली ग्र्यूनर फेल्टलीनर फळांच्या वासाकडे झुकते, थंड वर्षातली मिऱ्याकडे.

या वाणाची आई फार उशिरा सापडली. बाप त्रामिनर, म्हणजे युरोपातलं एक जुनं, सुगंधी वाण, हे जनुकीय तपासणीतून आधी कळलं होतं. आईचा पत्ता नव्हता. २००० साली बुर्गनलांड प्रांतातल्या सेंट गेऑर्गन या गावी एका पडीक जागी एकच जुनी, कुणी निगा न राखलेली वेल आढळली. व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्ग इथे १८६० मध्ये सुरू झालेली द्राक्षशाळा आहे. तिथले शास्त्रज्ञ फर्डिनांड रेगनर यांनी तपासणी करून सांगितलं की हीच ती आई. या वाणाला दुसरं नाव नसल्याने आता त्याला गावाचंच नाव आहे. २०११ मध्ये कुणीतरी रात्री येऊन ती वेल कापून टाकली. खोड मेलं नव्हतं; ती पुन्हा फुटली. देशातल्या एक तृतीयांश बागा जिच्या पोटातून आल्या त्या वेलीवर कुऱ्हाड चालवणाऱ्याच्या मनात काय होतं, ते मला कधीच समजणार नाही.

जमिनीचं थोडं सांगायला हवं, कारण ग्र्यूनर फेल्टलीनर तिच्या बाबतीत चोखंदळ आहे. हिमयुगात हिमनद्यांनी दळलेली धूळ वाऱ्याने उडून डॅन्यूबच्या आजूबाजूला थरावर थर साचली. या पिवळसर, चुनखडीयुक्त, मऊ मातीला लोएस म्हणतात. ती पाणी धरून ठेवते, आणि या वेलीला पाण्याचा ताण सोसत नाही. म्हणून जुन्या बागाईतदारांनी वाटणी करून टाकली: वरच्या खडकाळ पायऱ्यांवर रीसलिंग, खालच्या लोएसवर ग्र्यूनर फेल्टलीनर. लोएस उभा कापला तरी ढासळत नाही. व्हिएन्नाच्या उत्तरेला वाइनफिर्टल नावाचा प्रदेश आहे, तिथे गावाबाहेर या मातीत आडवी तळघरं खोदलेली असतात. प्रत्येक तळघराच्या तोंडाशी द्राक्षं पिळायच्या घाण्याचं छोटं घर. अशा घरांच्या दुतर्फा रांगांमध्ये कुणी राहत नाही, तिथे फक्त वाइन राहते. याच लोएसमध्ये १९०८ साली वाखाऊ खोऱ्यातल्या विलेनडोर्फ गावाजवळ चुनखडीची एक वीतभरही नसलेली स्त्रीमूर्ती निघाली. तिचं वय जवळजवळ ३०,००० वर्षं. आज ती व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे, आणि जिथे ती पुरलेली होती त्या खोऱ्यात द्राक्षं पिकतात.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी या वाणाचा आजच्यासारखा दबदबा नव्हता. तो वाढला त्याला एक माणूस बऱ्याच अंशी कारण आहे. क्रेम्सजवळच्या रोरेनडोर्फ गावचे लेन्त्स मोझर. तोवर वेली बुटक्या, दाट लावत आणि सगळी मेहनत वाकून हाताने करावी लागे. मोझर यांनी वेलींना उंच वळण दिलं आणि ओळींमध्ये सुमारे ३ मीटर अंतर सोडलं. ट्रॅक्टर आत गेला, मजुरी घटली. १९५० मध्ये त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि ती पद्धत देशभर पसरली. या वळणाला ग्र्यूनर फेल्टलीनर उत्तम मानवली. नाशिक-सांगलीकडच्या बागाईतदाराला हे वेगळं समजवायला नको; वळण बदललं की बागेचं अर्थकारण बदलतं हे तो रोज पाहतो. पण याच सोयीने उत्पादन भरमसाठ वाढलं, आणि वाइन पातळ झाली. दोन लिटरच्या बाटलीतून विकली जाणारी स्वस्त, आंबट वाइन ही तिची ओळख झाली.

मग १९८५ चा उन्हाळा आला. काही व्यापाऱ्यांनी आणि उत्पादकांनी हलक्या वाइनला भरीव आणि गोड भासवण्यासाठी तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळल्याचं पश्चिम जर्मनीत उघडकीला आलं. हे रसायन आपल्याला अपरिचित नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमुळे रुग्ण दगावले आणि लेंटिन आयोगाने चौकशी केली, त्या भेसळीतलं विष हेच होतं. ऑस्ट्रियाच्या वाइनवर देशोदेशी बंदी आली, निर्यात जवळजवळ संपली. सरकारने त्याच वर्षी कडक कायदा केला. आज चांगल्या ऑस्ट्रियन वाइनच्या बाटलीच्या टोपणावर लाल-पांढरा-लाल पट्टा असतो आणि लेबलावर सरकारी तपासणीचा क्रमांक असतो, त्याचं मूळ या धड्यात आहे. मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा परिणाम. भेसळ झाली होती गोड वाइनमध्ये. त्यानंतर नव्या पिढीच्या बागाईतदारांनी उत्पन्न कमी घेऊन, कोरड्या, स्वच्छ, काहीही न लपवणाऱ्या वाइन्स करायला सुरुवात केली. ग्र्यूनर फेल्टलीनर मुळातच तशी होती.

२००२ मध्ये लंडनला एक चाचणी झाली. जॅन्सिस रॉबिन्सन आणि टिम ॲटकिन यांच्यासारखे जाणकार त्यात होते. बाटल्या झाकून ऑस्ट्रियाच्या वाइन्स फ्रान्समधल्या बर्गंडीच्या नामवंत पांढऱ्या वाइन्सशेजारी ठेवल्या होत्या, आणि वरच्या जागा ग्र्यूनर फेल्टलीनरने घेतल्या. या बातमीने जगभरच्या रेस्टॉरंटांची दारं उघडली. त्या यशाचा मला आनंदच आहे. पण त्या चाचणीत जिंकलेल्या बाटल्या होत्या भारदस्त, जास्त मद्यार्काच्या, वर्षानुवर्षं मुरवलेल्या. त्या महाग असतात आणि त्यांचा स्वभावही वेगळा, मधाळ, जड होत जातो. त्यांच्या कौतुकात ताजी, हलकी, वर्ष-दोन वर्षांत संपवायची वाइन झाकोळली गेली. ऑस्ट्रियन माणूस रोज पितो ती हीच, आणि जेवणाला खरी उपयोगी पडते तीही हीच.

लेबलावरून हलकी आणि भारी ओळखता येते. वाखाऊ हे मेल्क ते क्रेम्स यांमधलं डॅन्यूबचं अरुंद खोरं. दगड रचून केलेल्या पायऱ्यांवरच्या बागा, वर ड्युर्नश्टाइनचा पडका किल्ला, जिथे ११९२ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्डला कैदेत ठेवलं होतं. २००० पासून हे खोरं युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. इथल्या उत्पादकांच्या संघाने तीन दर्जे ठरवले. मद्यार्क ११.५ टक्क्यांपर्यंत असेल तर श्टाइनफेडर. हे उतारावरच्या पिसासारख्या गवताचं नाव. १२.५ टक्क्यांपर्यंत फेडरश्पील. हे ससाण्याच्या शिकारीतलं नाव. त्यावर स्माराग्ड, दगडांवर ऊन खात पडणाऱ्या हिरव्यागार सरड्यावरून. आपल्याला हव्यात त्या पहिल्या दोन. वाइनफिर्टलची गोष्ट याहून सोपी. २००२ च्या हंगामापासून तिथे असा नियम आहे की 'वाइनफिर्टल डीएसी' असं लिहायचं असेल तर वाइन ग्र्यूनर फेल्टलीनरचीच हवी, तिच्यात मिऱ्याचा वास हवा, आणि लाकडाचा वास नको. एखाद्या प्रदेशाने चवच कायद्यात लिहावी हे मला फार आवडतं. नवख्या माणसाने पहिली बाटली तिथलीच घ्यावी.

आता ताटाकडे.

व्हिएन्नाचं श्नित्सेल घ्या. वासराच्या मांसाचा तुकडा ठोकून पातळ केलेला. आधी मैदा, मग फेटलेलं अंडं, मग पावाचा चुरा. चुरा दाबायचा नाही, नुसता चिकटू द्यायचा. कढवलेल्या लोण्यात, म्हणजे आपल्या तुपातच, तो तळतात, आणि तळताना तवा सारखा हलवत राहतात. गरम तूप वरून वाहतं, आत वाफ कोंडते आणि आवरण मांसापासून सुटून फुगतं. शेजारी लिंबाची फोड आणि बटाट्याची कोशिंबीर, जिला व्हिएन्नात मेयोनीज लावत नाहीत. मांसाचा रस्सा, व्हिनेगर आणि कांदा घालतात. ग्र्यूनर फेल्टलीनर इथे तीन कामं करते. तिचा आंबटपणा तुपाचा थर जिभेवरून उतरवतो. व्हिनेगर घातलेल्या कोशिंबिरीपुढे ती मिळमिळीत होत नाही, कारण तिची आंबट बाजू पुरेशी बळकट आहे. वाइन जेवणापेक्षा कमी आंबट असली की पाणचट लागते, हा नियमच आहे. आणि मिऱ्याचा चटका साध्या, फारसा मसाला नसलेल्या मांसाला मसाल्याची जोड देतो. लिंबाच्या फोडीने जे होतं तेच वाइन प्रत्येक घासानंतर करते. पीठ लावून तळलेली कोंबडी, म्हणजे बाकहेंडल, हिलाही हेच लागू.

टाफलश्पित्सची गोष्ट निराळी. गोमांसाचा मऊ तुकडा मुळांच्या भाज्यांबरोबर मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात आणि किसलेलं सफरचंद व हॉर्सरॅडिश यांच्याबरोबर वाढतात. सम्राट फ्रान्त्स योझेफला हा पदार्थ रोज लागायचा म्हणतात. हॉर्सरॅडिशचा झणका मोहरीच्या जातीचा, नाकात चढणारा. लाल वाइनचा तुरटपणा त्याच्याबरोबर कडवट होतो. मिरीच्या अंगाची ही पांढरी वाइन तो झणका पचवते. मांसाबरोबर लाल वाइन हा नियम इथे साफ मोडतो, आणि मोडायलाच हवा. मांस कुठलं आहे यापेक्षा ते कसं शिजलं आहे आणि बरोबर काय आहे, हे जास्त महत्त्वाचं.

शतावरीच्या जातीच्या भाजीची, म्हणजे ॲस्परॅगसची, वाइनवाल्यांना धास्ती असते. शिजल्यावर तिच्यातली गंधकयुक्त संयुगं मोकळी होतात आणि बहुतेक वाइन्स तिच्याबरोबर धातूसारख्या किंवा कडवट लागतात. व्हिएन्नाच्या पूर्वेला मार्खफेल्डच्या सपाटीवर एप्रिल ते जून पांढरा ॲस्परॅगस निघतो. त्या दिवसांत ऑस्ट्रियाचं प्रत्येक रेस्टॉरंट तो वाढतं, वर वितळलेलं लोणी नाहीतर हॉलंडेज सॉस. आणि शेजारी जवळजवळ न चुकता ग्र्यूनर फेल्टलीनर. तिच्यात मुळातच हिरव्या भाजीचा वास आहे, त्यामुळे भाजीचा हिरवेपणा तिला परका वाटत नाही. आर्टिचोक, पालक, कडवट पालेभाज्यांच्या कोशिंबिरी, मसूर यांच्याबरोबरही ती शोभते. शाकाहारी जेवणासाठी एकच पांढरी वाइन निवडायची झाली तर मी हीच निवडेन.

माशांबद्दल फार सांगायला नको. डोंगरी ओढ्यांतला ट्राउट लोण्यात परतलेला, किंवा नाताळात तळलेला कार्प, दोन्हींची ही हक्काची जोडीदार. तुरटपणा नसल्याने माशाचा उग्र वास वाढत नाही. याच गुणामुळे सुशी, व्हिएतनामी रोल, पुदिना-कोथिंबीर-लिंबू घातलेलं थाई सॅलड यांच्याबरोबर जगभरच्या रेस्टॉरंटांनी तिला उचललं.

महाराष्ट्रात बसून विचार केला तर हीच तत्त्वं लागू होतात, पण जपून. रव्यात घोळवून तळलेला बोंबील किंवा सुरमई, वर लिंबू पिळलेलं: श्नित्सेलचं सगळं गणित इथे जसंच्या तसं आहे. कोथिंबीर वडीला तिचा हिरवा वास जुळतो. अळूवडीत चिंच-गूळ असतो, आणि गोडाबरोबर कोरडी वाइन आणखी आंबट लागते, म्हणून तिथे थोडं कमी जमतं. पुरणपोळी, श्रीखंडाबरोबर अजिबात नको. तांबडा रस्सा, ठेचा यांच्यापासूनही लांब राहावं. मद्यार्क मिरचीची आग वाढवतो, वाइन कितीही थंड असली तरी. सौम्य, नारळाच्या दुधाच्या कोकणी कालवणाबरोबर मात्र ११.५ टक्क्यांची बाटली छान चालते. नाशिकची सोव्हिन्यो ब्लाँ ही हिरव्या वासाची, कोरडी वाइन आपल्याकडे सहज मिळते. ऑस्ट्रियाची बाटली हाती नसेल तेव्हा तीच आधी घ्यावी. शेनिन ब्लाँ घेतली तर ती बहुधा गोडसर निघते आणि मिरीही तिच्यात नसते.

वाढण्याबद्दल थोडं. ताज्या ग्र्यूनर फेल्टलीनरला ८ ते १० अंश सेल्सिअस तापमान लागतं. फ्रीजमध्ये ४-५ अंशांवर ठेवलेली बाटली थेट ओतली तर थंडीखाली वास दबून जातो आणि उरतो फक्त आंबटपणा. म्हणून दहा मिनिटं आधी बाहेर काढावी. आपल्या उन्हाळ्यात त्यानंतर ती भराभर तापते, तेव्हा पातेल्यात बर्फ आणि पाणी एकत्र घेऊन त्यात उभी करावी. नुसत्या बर्फापेक्षा पाण्याबरोबरचा बर्फ बाटलीला लवकर गार करतो. पेला तिसऱ्या हिश्शापर्यंतच भरावा. बाटलीला बुचाऐवजी फिरकीचं टोपण असेल तर बिचकू नये. ऑस्ट्रियाच्या चांगल्या उत्पादकांनी ते जाणून स्वीकारलं आहे, कारण ताजेपणा त्यानेच टिकतो. फार उकाडा असेल तर व्हिएन्नाच्या लोकांसारखं अर्धी वाइन, अर्धा सोडा करून घ्यावी. ऑस्ट्रियात याला श्प्रित्सर म्हणतात आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मात्र त्यासाठी साधी बाटली वापरावी.

दुकानात गेलात तर सर्वांत आधी लेबलावरचं साल पाहा. हलकी ग्र्यूनर फेल्टलीनर साठवायची वस्तू नाही. द्राक्षं खुडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती संपवावी, आणि दुकानदाराने चार वर्षांपूर्वीची बाटली सवलतीत देऊ केली तर नम्रपणे नको म्हणावं. टोपणावरचा लाल-पांढरा-लाल पट्टा पाहा, मद्यार्क १२.५ टक्क्यांच्या आत आहे का पाहा, आणि पहिली बाटली मित्रमंडळींना बोलावून, समोर काहीतरी तळलेलं आणि लिंबाची फोड ठेवूनच उघडा.